भाड्याने मिळणारी कोळीण, पानांतला आदिवासी

जुलै संपत आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पडतोच. ‘१५ ऑगस्टनिमित्त वेशभूषा स्पर्धा. विषय : आपला महाराष्ट्र. पाल्याने दोन वाक्ये पाठ करून यावे.’ मग चार दिवस घरोघरी तारांबळ. गेल्या वर्षी भाचीच्या वर्गात चिठ्ठ्या टाकल्या, तिच्या वाट्याला ‘कोळीण’ आली. ताईचा फोन आला, “दापोलीला जातेच आहेस तर ड्रेस बघून ये गं.”

ड्रेस भाड्याने देणारं दुकान म्हणजे एका स्टेशनरीवाल्याची मागची खोली. हँगरच्या रांगा, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी. शिवाजी, जिजाऊ, गांधी, पोलीस, डॉक्टर, गाजर, फुलपाखरू. पुढे कोळी मुलगा, कोळी मुलगी, मारवाडी, मुस्लिम, काश्मिरी, आदिवासी. भाडं दोनशे, डिपॉझिट पाचशे, डाग पडला तर डिपॉझिट विसरायचं. ‘आदिवासी’च्या पिशवीत हिरव्या रेक्झिनची पानं शिवलेला घागरा, पिसांची पट्टी आणि प्लास्टिकचा भाला होता. आणखी काय लागतं म्हणून मी विचारलं. “तोंडाला काळं तुमचं तुम्ही लावायचं.” दुकानदार चांगला माणूस आहे. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर पाच वर्षांपूर्वी मलाही वाटलं नसतं.

वाटायला लागलं ते भाचीच्या चिठ्ठीच्या आदल्या वर्षीच्या स्पर्धेपासून. एक गोरागोमटा मुलगा काजळ फासून, तोच पानांचा घागरा नेसून स्टेजवर आला, ‘हू हू’ करत गोल फिरला, टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या पुढे नदीपलीकडच्या कातकरी वाडीतली एक मुलगी युनिफॉर्ममध्ये बसली होती. ती टाळ्या वाजवत होतीच. वाजवता वाजवता शेजारणीला तिने विचारलं, “हा कोण?”

शेजारीण म्हणाली, “आदिवासी.”

“कुठला?”

शेजारणीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं. मग थोडं वाचलं, थोडं विचारलं. लहान मुलांच्या फॅन्सी ड्रेसवरून वाद झाला की एक बाजू ‘समाजाचा अपमान’ म्हणते, दुसरी ‘पोरांच्या खेळात काय खोड्या काढता’ म्हणते, आणि मधल्यांना कळत नाही की बिघडलं नक्की काय. त्या मधल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी साचा समजून घेऊ

कोकणात जून-जुलैत गणपतीच्या शाळा भरतात. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी : मूर्ती घडवायच्या कारखान्याला आम्ही शाळा म्हणतो.) पूर्वी मूर्तिकार हाताने शाडूची मूर्ती उभी करायचा. दर गणपतीचा चेहरा वेगळा, आणि घरातली म्हातारी बघताक्षणी सांगायची, यंदा गणपती रागावलाय. मग साचे आले. एका साच्यातून पन्नास गणपती निघतात, सोंड तीच, पोट तेच. फरक करायचा तर रंगात आणि डोळ्यांच्या आखणीत.

माणसांच्या गटांबद्दलही डोक्यात असाच साचा बसतो. कोळी म्हटला की लाल टोपी आणि होडी. मारवाडी म्हटला की पोट आणि वही. आदिवासी म्हटला की पानं आणि भाला. याला साचेबंद प्रतिमा म्हणतात. इंग्रजीतला ‘स्टीरिओटाइप’ हा शब्दही मुळात छापखान्यातलाच आहे. जुळवलेल्या खिळ्यांवरून धातूची अख्खी पाटी ओतायची आणि तीच पुन्हा पुन्हा छापायची, त्या पाटीचं हे नाव. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली तो शब्द डोक्यातल्या ठरीव चित्रांसाठी वापरला आणि तिथून तो रुळला.

साचा नेहमी खोटाच असतो असं नाही. कोळ्यांकडे होड्या असतातच. पण साच्यातून दुसरा चेहरा निघत नाही, आणि ज्याचा साचा आहे त्याला विचारून कुणी तो बनवलेला नसतो.

एक जात, एक कपडा : ही यादी कुणी केली?

आपल्याला वाटतं ही वेशांची यादी पिढ्यानपिढ्या चालत आली. कपडे जुने आहेत, हे खरं. पण ‘प्रत्येक समाजाचा एक ठरलेला वेश, तो एका चित्रात मावतो’ ही कल्पना बऱ्यापैकी अलीकडची आहे आणि तिला सरकारी शिक्का आहे.

१८५७ नंतर इंग्रज सरकारला आपण राज्य करतो ते लोक कोण, हे मोजून, मांडून हवं होतं. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. त्यांत साडेचारशेहून जास्त फोटो, आणि प्रत्येक फोटोबरोबर त्या जातीजमातीची माहिती. त्याच्याही आधी, १८६३ आणि १८६६ मध्ये, विल्यम जॉन्सन या इंग्रज फोटोग्राफरने मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत काढले. गंमत म्हणजे (गंमत म्हणायची तर) त्यातली माणसं वेगळी उभी करून टिपली आणि मागचं दृश्य दुसरीकडून आणून जोडलं. माणूस एकीकडचा, देखावा दुसरीकडचा. आज शाळेच्या स्टेजवर मागे फ्लेक्सचा समुद्र आणि पुढे भाड्याची कोळीण असते, ते याच जातीचं काम.

आपल्या किनाऱ्याचंही असं पुस्तक आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८०चा, कुलाब्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, १८८३चा. त्यांत बंदरं, पिकं, किल्ले यांची माहिती अजूनही कामाची आहे. पण ‘लोक’ हे प्रकरण उघडा. एकेका जातीला काही ओळी किंवा एखादं पान. रंग कसा, अंगकाठी कशी, नेसतात काय, खातात काय, आणि त्याच दमात स्वभाव कसा : कष्टाळू, काटकसरी, दारूचे शौकीन. अख्ख्या जातीचा स्वभाव, लुगड्याच्या लांबीइतक्याच खात्रीने.

इकडे ही नोंद चालली होती तेव्हा तिकडे इंग्लंडात हौसेखातर वेश पालटायची नाचपार्टी, म्हणजेच फॅन्सी ड्रेस बॉल, जोरात होती. आर्डर्न होल्ट या नावाने १८७९ साली फॅन्सी ड्रेसचं मार्गदर्शक पुस्तक निघालं आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या गेल्या. त्यात शेकडो वेश अकारविल्हे दिलेत. राण्या, पऱ्या, ऋतू आणि फुलं यांच्या रांगेत जिप्सी बाई आणि देशोदेशीच्या शेतकरणी. मुलांसाठी वेगळे बॉल भरायचे. गाजर, फुलपाखरू, कोळीण असं एकाच दांडीवर टांगायची पद्धत दापोलीच्या दुकानदाराने काढलेली नाही.

आपल्यापर्यंत हे सगळं पोचलं ते स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यांमधून. ‘आपले पोशाख’ हा तक्ता आठवतोय? प्रत्येक राज्याचं एक जोडपं, नवरा डावीकडे, बायको उजवीकडे, दोघं हात जोडून. कापून प्रोजेक्टच्या वहीत चिकटवायचं. गेल्या शतकाच्याही आधी कंपनी सरकारच्या साहेबांना विकायला आपलेच चितारी अशी जोडप्यांची चित्रं काढत : कुंभार-कुंभारीण, गवळी-गवळण, एका पानावर एक जात. तक्त्यावरचं जोडपं त्यांचंच पणतू. मी स्वतः अशी किमान तीस जोडपी डिंकाने चिकटवली असतील.

महाड, डिसेंबर १९२७

आता एक प्रसंग सांगते. तो कळला तेव्हापासून मला या हँगरच्या रांगेकडे पूर्वीसारखं बघता आलं नाही.

महाड आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७चा. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे दुसरी परिषद भरली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं की त्याच मुक्कामात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले, आणि बोलले ते कपड्यांबद्दल. तुम्ही ज्या पद्धतीने लुगडं नेसता आणि अंगावर कथलाचे, चांदीचे जे दागिने घालता, त्यावरून लांबूनच तुमची जात ओळखू येते. ही खूण पुसून टाका, असा त्यांचा सांगावा होता. लुगडं गुडघ्यावर खोचून नेसायचं सोडून खालपर्यंत नेसा. दागिने परवडत नसतील तर घालू नका, पण जातीची ओळख सांगणारे घालू नका. बऱ्याच बायकांनी ते लगेच अमलात आणलं.

नेसण्याची जी तऱ्हा त्या बायकांना जन्माने चिकटवली होती, ती त्यांनी ठरवून सोडली. कुठला कपडा कुणी घालायचा, किती लांब घालायचा, याचे अलिखित कायदे होते, आणि ते मोडणं ही लढाई होती. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. त्यांचा सूट-टाय बघताना लोकांना साहेबी थाट दिसतो. पण त्या सुटातही हेच उत्तर आहे : मी काय घालायचं ते तुम्ही ठरवणार नाही.

आणि शंभर वर्षांनी आपण काय करतो? एखाद्या समाजाने जे अंगावरून उतरवलं तेच शिवून घेतो, त्याला टिकल्या लावतो आणि हँगरला टांगून वर समाजाचं नाव लिहितो.

कोळीण दिसते कशी?

चिठ्ठी कोळिणीची होती म्हणून मी भाचीला घेऊन हर्णैच्या मासळी बंदरावर गेले. शनिवार, दुपार कलती. लाँचा लांब उभ्या, तिथून मासळी छोट्या होडीने आणि बैलगाडीने वाळूवर येत होती. माणसांची रिंगणं पडलेली, मध्ये मासळीचा ढीग, बोली चढतेय. भाचीच्या हातात दुकानदाराने दिलेला फोटो होता : हिरवं सॅटिनचं लुगडं, सोनेरी काठ, केसांत प्लास्टिकचा गजरा, डोक्यावर टोपली, टोपलीत थर्माकोलचा पापलेट. ती फोटो बघायची, मग किनारा बघायची. “मावशी, कोळीण कुठेय?”

समोर पंधरा-वीस जणी होत्या. एक गाऊनवर ओढणी घेतलेली. एक साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट चढवून, डोक्याला टोपी. दोघीतिघींच्या पायांत रबरी बूट. टोपल्या होत्या, पण त्याहून जास्त प्लास्टिकचे क्रेट आणि बर्फाच्या पेट्या होत्या. कमरेला पैशांचा बटवा, गळ्यात मोबाइलचं पाकीट. एका काकूंच्या कानात जुन्या घडणीचं भरघोस सोनं होतं, तेवढं फोटोशी जुळलं.

गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा मारलेलं लुगडं कोळिणी खरोखर नेसत. मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यांत म्हाताऱ्या अजून नेसतात, लग्नाकार्यात आणि नारळी पौर्णिमेला तरुणीही हौसेने नेसतात. त्याला कारण होतं. ओहोटीच्या चिखलात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं तर पायघोळ काही चालत नाही. पुरुषांचा सुरका, म्हणजे कमरेला गुंडाळायचा तिकोनी रुमाल, त्याच हिशेबाचा. दुकानातल्या सॅटिनला पाणी लागलं तर डिपॉझिट जातं. वेश कामासाठी घडला आणि साच्यात ओतताना नेमकं कामच गळून गेलं.

शिवाय हा वेश अख्ख्या किनाऱ्याचा नव्हेच. रत्नागिरीकडे मासेमारीत खारवी आहेत, दालदी मुसलमान आहेत. मालवणात गेलात तर गाबीत. प्रत्येकाची बोली वेगळी, देव वेगळे, नेसणं वेगळं. मालवणच्या गाबीत मुलीला ‘आपली संस्कृती’ म्हणून मुंबईच्या कोळीनृत्याचा ड्रेस चढवतात तेव्हा ती स्वतःच्याच गावात दुसऱ्याचं सोंग घेते.

कातकऱ्यांचं तर विचारूच नका. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलावर सरकारची बंधनं आली तसा तो धंदा गेला. आता दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. आमच्या बाजारात कातकरणी चिंबोऱ्या, नदीचे मासे, रानभाज्या घेऊन बसतात. साडी नेसून. पानांचा घागरा आणि पिसं आली हिंदी सिनेमाच्या नाचांतून. त्यांतली पिसंही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुकुटांची नक्कल, आणि तिथल्या सपाट मैदानी प्रदेशांतल्या जमातींत तो मुकुट मान मिळवलेल्या माणसालाच शोभतो. म्हणजे आपल्या स्टेजवरचा ‘आदिवासी’ महाराष्ट्रातला नाहीच. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत चाळीसवर नावं आहेत. त्या मुलीने विचारलं होतं, “कुठला?” बरोबर विचारलं होतं.

आणि साच्याची सगळ्यात मोठी फजिती बघायची असेल तर अलिबागकडे जा. तिथल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पूर्वज फुटलेल्या जहाजातून नवगावच्या किनाऱ्याला लागले. शतकानुशतकं ते कोकणात तेल गाळत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बायका नऊवारी नेसत, घरात मराठी, आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, केहिमकर. ‘ज्यू’ म्हणून काळा कोट, उंच टोपी, लांब दाढी लावणाऱ्याने रोहेकर आजीला कुठल्या हँगरला टांगायचं?

‘मुस्लिम’ हँगरला हिरवी टोपी आणि सुरम्याची डबी होती. माझ्या दाभोळच्या मैत्रिणीचे वडील जन्मभर लुंगी-बनियनवर आंब्याच्या पेट्या भरत आले. टोपी नमाजाला.

‘पण पोरांना यातलं काय कळतंय?’

हा सगळ्यात पहिला आक्षेप, आणि रास्त आहे. ज्या मुलाने काजळ फासलं त्याच्या मनात कसलीही खोड नव्हती.

पण मुलांना किती लवकर कळतं, याचा एक प्रसिद्ध पुरावा आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोंनी १९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. छान कुठली, वाईट कुठली, असं विचारलं. बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली छान म्हणून उचलली आणि काळी वाईट म्हणून दाखवली. मग ‘तुझ्यासारखी कुठली?’ या प्रश्नाला काही मुलं रडवेली झाली. या कामाचा दाखला १९५४ साली शाळांतली वर्णभेदी विभागणी रद्द करणाऱ्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आला. तीन वर्षांच्या मुलाला व्याख्या येत नाही, पण कुठली बाहुली उचलायची हे त्याने बघून बघून शिकलेलं असतं.

आपल्या वर्गातही दोन मुलं असतात. एक काजळ लावणारं, दुसरं खाली बसून बघणारं. आपला सगळा विचार स्टेजवरच्या मुलाच्या मनाचा चाललेला असतो.

‘शिमग्यात आपण सोंगं काढतोच की!’

हा आक्षेप मला माझ्याच काकांनी घातला आणि मी दोन दिवस गप्प बसले. कारण कोकणी माणसाला वेश पालटायचं वेड आहेच. शिमग्यात काळ्या पोशाखातला, उंच टोपीचा संकासुर येतो, पुरुष लुगडं नेसून गोमू होतो. तळकोकणात दशावतारात रात्रभर पुरुषच राण्या होतात, आणि मालवणीतून टोले हाणणारा संकासुर राजापासून सरपंचापर्यंत कुणाला सोडत नाही.

फरक मला असा दिसतो. संकासुराला तोंड आहे. तो बोलतो, चिडवतो, प्रेक्षकांतल्या खोताला त्याच्या तोंडावर सुनावतो, आणि समोरचाही उलट सुनावू शकतो. त्यामागे कथा आहे, गाव आहे, वर्षाचा एक ठरलेला दिवस आहे. भाड्याच्या आदिवासीला दोन पाठ वाक्यं असतात : ‘मी आदिवासी आहे. मी जंगलात राहतो.’ त्याच्याशी भांडायला वावच नाही.

तरी शिमग्याला सोवळ्यात ठेवायचं कारण नाही. लहानपणी आमच्या वाडीतल्या पोरांनी कातकरणीचं सोंग काढलं होतं. पाठीला गोणपाट, काखेत बाहुली, आणि बोलण्याची नक्कल. खऱ्या कातकरणी पोस्त मागायला आल्या होत्या, त्या कुंपणाशी थांबून बघत होत्या. मी हसले होते, चांगली खळखळून. त्या हसल्या की नाही ते मला आठवत नाही, कारण मी तिकडे बघितलंच नव्हतं.

‘हे परदेशातलं खूळ आपल्याकडे नको’

परदेशात यावर बरीच वर्षं रण माजलंय हे खरं. अमेरिकेत १८३०च्या दशकापासून गोरे नट जळक्या बुचाची काजळी फासून काळ्या गुलामांची टिंगल करणारे खेळ करत. त्यातल्या एका गाजलेल्या पात्राचं नाव पुढे वर्णभेदाच्या कायद्यांनाच चिकटलं : जिम क्रो. म्हणून तिथे तोंड काळं करणं आज इतकं झोंबतं. २०१६ साली डिस्नीने आपल्या एका चित्रपटातल्या पॉलिनेशियन देवाचा, तपकिरी कातडी आणि गोंदण छापलेला मुलांचा पोशाख बाजारातून मागे घेतला. २०१९ साली कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांचा २००१ सालचा फोटो बाहेर आला : ‘अरेबियन नाइट्स’ पार्टीत फेटा आणि चेहऱ्याला गडद रंग. त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

त्या फोटोत कोण कुणाचा वेश घेत होतं ते बघा. फेटा आणि सावळा रंग! तिकडच्या हँगरवर आपण टांगलेले आहोत. कोकणात दर चार घरांआड कुणीतरी आखातात नाहीतर बोटीवर आहे. समजा तिथल्या एखाद्या शाळेत ‘इंडियन’ म्हणून एक पोर मळकी डांगरी, हेल्मेट आणि जेवणाचा डबा घेऊन, मान डोलवत स्टेजवर आलं. आपला माणूस तिथे तेच घालून राबतो, म्हणजे कपडा खोटा नाही. तरी ती क्लिप कुटुंबाच्या ग्रुपवर आली तर आपण काय लिहू? माझे काका इथे पहिल्यांदा गप्प झाले. त्यांचा मुलगा कतारला असतो.

‘मग शिवाजी महाराजही नकोत?’

महाराज हवेत, जिजाऊ हव्यात, सूट घातलेले बाबासाहेबही हवेत. ती नाव असलेली माणसं आहेत. त्यांनी काहीतरी केलं, ते मूल पाठ करतं. गांधीजींचा पंचाही साचा नव्हे, तो त्यांनी १९२१ साली मदुराईत विचार करून निवडलेला वेश होता. पोलीस, पोस्टमन, नर्सही चालतील, कारण तो गणवेश आहे, संध्याकाळी उतरतो. अडचण येते ती समाजच वेश होतो तेव्हा. जो उतरवून ठेवता येत नाही.

आणि कोळ्याची पोर आजीचं खरं लुगडं नेसून आली तर? येऊ दे की. आजीने नेसवलंय, कासोटा कसा खोचायचा ते शिकवलंय, लुगड्याला घरातल्या पेटीचा वास आहे. ते तिचं आहे. दुसऱ्या घरातल्या मुलीने एखाद्या कोळीकाकूंकडून शिकून, विचारून नेसलं तरी मला खुपणार नाही. काजळ मात्र नको, कुणालाच नको. यावर माझ्याशी वाद घालू नका.

भाचीचं काय झालं

त्या शनिवारी हर्णैला शर्टवाल्या मावशींशी आमची ओळख झाली. भाचीने सरळ विचारलं, “तुमच्यासारखं व्हायचंय, काय घालू?” मावशी इतक्या हसल्या की शेजारच्या रिंगणातली बोली थांबली. मग त्यांनी तिला पाऊण तास समोर बसवून घेतलं. सरंगा मासा ताजा कसा ओळखायचा, कल्ला उघडून कसा दाखवायचा, बोली कशी वाढवायची, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की बघायचं कुठे (लांब, समुद्राकडे). निघताना एक जुना निळा क्रेट दिला. “आम्हाला बघायला जमणार नाय गो. मासेमारीची बंदी एकतीस जुलैला उठली, आता ऑगस्टात कुठली फुरसत?”

१५ ऑगस्टला भाची ताईच्या साडीवर बाबांचा फुल शर्ट, पायांत गमबूट, गळ्यात मोबाइलचं पाकीट आणि हातात क्रेट अशी स्टेजवर गेली. क्रेटात मीठ आणि पिठाचे सरंगे. तिच्या आधी सॅटिनच्या दोन कोळिणी ठुमकून गेल्या होत्या. परीक्षक बाईंनी यादी बघितली, चष्मा वर केला, पुन्हा यादी बघितली.

“बाळा, तू नक्की कोण झालीयस?”

भाचीने क्रेट दाणकन खाली ठेवला. “हजार झालेत बाई. घेणार असाल तर वाढवा.”